एएफपी आयकॉन: व्याख्यानं घरी ऐकता येतील, करिअरच्या टेबलासाठी मात्र तयारी करून जा

असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स, म्हणजे एएफपी, ही निधी उभारणीचं काम करणाऱ्यांची उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना. तिची वार्षिक परिषद 'आयकॉन' नावाने भरते. २०२२ साली ती लास व्हेगसला होती, २०२३ ला न्यू ऑर्लिन्सला, २०२४ ला टोरांटोला आणि २०२५ ला सिअ‍ॅटलला. तीन दिवस, डझनावारी सत्रं, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे स्टॉल आणि हजारो माणसं. इथे त्या सगळ्याचं परीक्षण नाही. फक्त एका भागाबद्दल लिहायचं आहे: फंडरेझरच्या स्वतःच्या करिअरसाठी तिथे जे मिळतं त्याबद्दल. बायोडेटा तपासून देणं, समुपदेशन, मार्गदर्शक गाठून देणं, सीएफआरई या फंडरेझरच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची वाट आणि नोकऱ्यांची माहिती. दरवर्षी त्यात थोडा फेरफार होतो, म्हणून पैसे भरण्याआधी त्या वर्षीचा कार्यक्रम उघडून यातलं काय आहे ते पाहून घ्यावं.

निकाल आधीच सांगतो. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आणि स्वयंसेवी संस्थेत, विद्यापीठात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या अथवा करू पाहणाऱ्या मराठी माणसाला हा भाग पैसे वसूल करून देतो. पुण्या-नाशिकहून केवळ यासाठी विमानाचं तिकीट काढणं परवडत नाही. पण तिथल्या पद्धती उचलून इथे वापरता येतात आणि त्या वापरल्याच पाहिजेत.

या कामात करिअरचा आधार का लागतो, हे आधी बघू. २०१३ साली कंपासपॉइंट या संस्थेने अमेरिकेतल्या संस्थांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निधी विभागाच्या प्रमुखांपैकी निम्म्या जणांना दोन वर्षांत किंवा त्याआधीच ती नोकरी सोडायची होती. कारणं आपल्याकडच्या कुणालाही ओळखीची वाटतील. संस्थाचालकांना सहा महिन्यांत निकाल हवा असतो, विश्वस्त स्वतः कुणाकडे शब्द टाकत नाहीत आणि उद्दिष्ट चुकलं की बोट एकाच माणसाकडे जातं. महाराष्ट्रात तर तोच माणूस प्रस्ताव लिहितो, पावत्या फाडतो, ३१ मेच्या आत प्राप्तिकर खात्याकडे देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, भरतो, देणगीदारांना करसवलतीसाठीचं प्रमाणपत्र, म्हणजे १०बीई, पाठवतो आणि वार्षिक कार्यक्रमाला खुर्च्याही मांडतो. पदाचं नाव मात्र 'समन्वयक'. आपण नेमकं काय करतो, हे त्याला दुसऱ्याला पटेल अशा शब्दांत सांगता येत नाही.

काम आपल्याकडे नवं नाही. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, महिला विद्यापीठासाठी परदेश दौऱ्यावर निघाले. नवीन आहे ती एवढीच गोष्ट, की या कामाला आता पद, पगार आणि बढतीची शिडी आली आहे.

आयकॉनमधलं सर्वांत मोलाचं टेबल बायोडेटा तपासणीचं. समोर अनुभवी फंडरेझर किंवा माणसं निवडून देणारा सल्लागार, मध्ये तुमचा कागद आणि हातात मोजकी मिनिटं. वेळ आधी राखून ठेवावी लागते. पहिल्या दिवशी दुपारी चौकशी केलीत तर चांगल्या वेळा गेलेल्या असतात. म्हणून नोंदणी झाली की सत्रं निवडण्याआधी ही वेळ घ्या. दोन छापील प्रती न्या. मोबाइलवर पीडीएफ दाखवण्यात पहिली पाच मिनिटं बोटांनी कागद मोठा-लहान करण्यातच जातात.

तपासणारा काय करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. समजा, कागदावर ओळ आहे: 'संस्थेसाठी ४ कोटींचा निधी उभारला.' त्या ओळीखाली पेनाने रेघ येते आणि प्रश्न सुरू होतात. किती वर्षांत? तुम्ही रुजू झालात तेव्हा वर्षाला किती येत होते? यातलं आधीच मंजूर असलेलं अनुदान किती? संस्थापकांच्या ओळखीतून आलेले किती? नवे देणगीदार किती आणि पुढच्या वर्षी त्यांतले किती उरले? खर्च काय झाला? उत्तरं मिळत गेली की तीच ओळ नव्याने लिहिली जाते. नमुन्यादाखल ती अशी होईल: 'वैयक्तिक देणग्या तीन वर्षांत १८ लाखांवरून ४१ लाखांवर; देणगीदार ३१० वरून ७४०; आदल्या वर्षीच्या देणगीदारांपैकी ५२ टक्क्यांनी पुन्हा दिलं; एक रुपया उभारायला २२ पैसे खर्च.'

तरी तपासणारा थांबत नाही. कॅल्क्युलेटर काढून तो भागाकार करतो. सरासरी देणगी साधारण ५,८०० होती, ती ५,५४० वर आली. का? दरमहा छोटी रक्कम देणारे नवे लोक जोडले म्हणून सरासरी उतरली असेल तर ते यश आहे आणि ते ओळीतच लिहायला हवं. मोठे जुने देणगीदार गळाले म्हणून उतरली असेल तर मुलाखतीत हाच प्रश्न येणार, त्याचं उत्तर आजच तयार करा. असं कुणी शांतपणे बसून विचारणं, याची किंमत कुठल्याही मुख्य भाषणापेक्षा जास्त आहे.

आता चुका कुठे होतात ते. पुन्हा देणाऱ्यांचं प्रमाण काढताना बहुतेकांची गल्लत होते. गेल्या वर्षी देणाऱ्यांपैकी यंदाही ज्यांनी दिलं त्यांची संख्या वर, गेल्या वर्षी देणाऱ्यांची एकूण संख्या खाली. यंदा प्रथमच देणाऱ्यांना या हिशोबात जागा नाही. त्यांना वर घातलं की प्रमाण फुगतं आणि अनुभवी माणूस ते लगेच ओळखतो. अमेरिकेत हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या खाली राहतं, पहिल्यांदा देणाऱ्यांचं तर त्याहूनही बरंच कमी. त्यामुळे 'आमचे ९० टक्के देणगीदार टिकतात' असं लिहिलं की तपासणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

दुसरी चूक नावांची. एकाच देणगीदाराच्या पावत्या एकदा आद्याक्षरांवर, एकदा पूर्ण नावावर आणि एकदा पत्नीच्या नावावर असतात. मग एक माणूस तीन देणगीदार होतो आणि पुढच्या वर्षी त्यातले दोन 'गळतात'. इथे भारतातल्या संस्थांना एक फायदा आहे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून १०बीडीमध्ये देणगीदाराचा पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक भरावा लागतो. त्या फाइली ओळख क्रमांकावर जुळवल्या तर एका दुपारात बऱ्यापैकी खरं प्रमाण हाती येतं. गुप्तदान आणि करसवलतीची, म्हणजे ८०जीची, पावती न घेणारे त्यात येत नाहीत, तेवढी तळटीप प्रामाणिकपणे द्यावी.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीवर काम करणाऱ्यांनी वेगळे आकडे न्यावेत. किती कंपन्यांशी बोलणं झालं, किती प्रस्ताव गेले, किती मंजूर झाले आणि पुढच्या आर्थिक वर्षी किती नव्याने मंजूर झाले. यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, हे अमेरिकेतल्या तपासणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. एका ओळीत समजावून सांगा, नाहीतर त्याला ती सरकारी सक्तीची वसुली वाटते आणि तुमच्या मेहनतीचं श्रेय बुडतं. तसंच 'मुष्टिफंड', 'वर्गणी', 'दत्तक पालक योजना' हे शब्द तसेच ठेवू नका. किती घरं, महिन्याला किती, किती वर्षं सलग, असं मांडा.

देणगीदारांची नावं बायोडेटात घालणं ही तर सर्वांत वाईट चूक. एएफपीची आचारसंहिता १९६४ पासून आहे आणि ती देणगीदारांची माहिती संस्थेची मालमत्ता मानते. संस्था बदलताना यादी सोबत नेता येत नाही. आपल्याकडे हे अवघड जातं, कारण देणगीदारांचे नंबर संस्थेच्या नोंदीत नसतात, फंडरेझरच्या खासगी मोबाइलमध्ये असतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्याच्याच नावावर असतो. नोकरी सोडताना ते नंबर संस्थेच्या नोंदवहीत उतरवून, ग्रुपची सूत्रं दुसऱ्याकडे देऊन मगच निघावं. मुलाखतीत 'तुमच्यासोबत किती देणगीदार येतील?' असं विचारणाऱ्या संस्थेपासून सावध राहा. उद्या तुमच्या जागी आलेल्या माणसाकडूनही ती हेच मागेल.

पगाराच्या समुपदेशनात आचारसंहितेचं दुसरं कलम फार उपयोगी पडतं: जमवलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायचाही नाही आणि द्यायचाही नाही. महाराष्ट्रातल्या लहान संस्थांत 'पगार जमणार नाही, आणाल त्याचे दहा टक्के घ्या' हे सर्रास ऐकू येतं. त्यात काय बिघडतं ते नीट समजून घ्या. पाच हजारांची देणगी देणाऱ्या शिक्षिकेला यातले पाचशे कुणाच्या खिशात जातात हे कळलं तर ती पुन्हा देणार नाही. ज्या देणगीला दोन वर्षं संबंध जपावा लागतो तिच्यामागे कुणी लागत नाही, कारण आज पोटाला काही मिळत नाही. आणि संस्थेच्या कामाला न शोभणारा पैसाही नाकारवत नाही. समुपदेशक सुचवतो तो पर्याय असा: ठरलेला पगार आणि वर्षाअखेरीस कामगिरीवर बोनस. संस्थेतल्या इतरांना बोनस मिळत असेल तर फंडरेझरलाही मिळावा. फक्त तो रकमेच्या टक्क्यांत नसावा. भेटी किती झाल्या, किती जुने देणगीदार टिकले, नोंदी वेळेवर झाल्या का, अशा आधी लिहून ठेवलेल्या उद्दिष्टांवर असावा.

पगाराच्या आकड्यांबाबत मात्र आयकॉनचा सल्ला भारतात तोकडा पडतो. एएफपी वेतनाचा अहवाल काढते, पण तो तिकडच्या बाजाराचा. आपल्याकडे फंडरेझरचा पगार कुठल्या पैशातून निघतो यावर त्याची कमाल मर्यादा ठरते आणि हा मुद्दा तिथल्या टेबलावर कुणी काढत नाही. परदेशी देणगी कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. कार्यालयातले पगार, भाडं, हिशोबनीस हे सगळं त्या २० टक्क्यांत बसवायचं असतं. सीएसआरचा पैसा बहुधा प्रकल्पाला बांधलेला असतो आणि कंपनी प्रत्येक ओळीचा हिशोब मागते. मोकळा हात मिळतो तो देशातल्या सामान्य देणगीदाराने 'संस्थेच्या कामासाठी' दिलेल्या पैशात. तेव्हा पगारवाढ मागताना 'मी इतके कोटी आणले' एवढ्यावर थांबू नका. 'यातले इतके लाख कुठल्याही प्रकल्पाला न बांधलेले आहेत' हे सांगा. ते वाक्य विश्वस्तांना पगाराचं गणित सोडवून देतं.

सीएफआरईकडे वळू. हे प्रमाणपत्र एएफपीचं नाही, सीएफआरई इंटरनॅशनल या स्वतंत्र संस्थेचं आहे. परिषदेत त्याची माहिती आणि तयारी दोन्हींची सोय असते. पहिल्यांदा अर्ज करताना मागच्या पाच वर्षांतला हिशोब द्यायचा: ३६ महिन्यांचं पूर्णवेळ काम, शिक्षणाचे ८० गुण, कामगिरीचे ५५ आणि स्वयंसेवेचे ५०. मग २०० प्रश्नांची, चार तासांची परीक्षा. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. पुढच्या वेळी परीक्षा नाही, पुन्हा गुण दाखवायचे.

शिक्षणाचा एक गुण म्हणजे एक तास. तीन दिवस इमानाने सत्रांत बसलं तरी एका परिषदेतून फार तर पंधरा-वीस गुण हाती लागतात. म्हणजे 'एकदा आयकॉन केलं की झालं' हा समज चुकीचा. ८० पर्यंत जायला वर्षभर छोटे अभ्यासवर्ग आणि वेबिनार करत राहावं लागतं. अनेकांचे गुण नोंद न ठेवल्यामुळे वाया जातात. त्याच संध्याकाळी एका तक्त्यात सत्राचं नाव, तारीख, वक्ता आणि मिनिटं लिहा. कार्यक्रमपत्रिकेची प्रत जपून ठेवा. चार वर्षांनी पडताळणी आली तर स्मरणशक्ती कामाला येत नाही.

स्वयंसेवेच्या ५० गुणांत मराठी माणसाची बाजू भक्कम असते आणि त्याला ते ठाऊक नसतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या समितीवरचं काम, गावच्या वाचनालयाचं विश्वस्तपद, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचं चिटणीसपद हे सगळं मांडण्यासारखं आहे. मात्र पगाराच्या कामाचा भाग असलेली सेवा यात धरायची नाही.

परीक्षेत कुठल्याही एका देशाचे करकायदे विचारत नाहीत. देणगीदारांचा शोध, देणगी मिळवणं, संबंध जपणं, स्वयंसेवकांचा सहभाग, नेतृत्व व व्यवस्थापन आणि नीतिमत्ता, असे सहा विभाग. त्यामुळे ८०जी, एफसीआरए, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज यांवरची तुमची हुकमत या प्रमाणपत्रात दिसत नाही. ती बायोडेटात वेगळी लिहा. भारतातल्या संस्थेला निवड करताना तीच आधी हवी असते. खरं सांगायचं तर महाराष्ट्रात फक्त सीएफआरई आहे म्हणून पगार वाढवणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आंतरराष्ट्रीय संस्थेत जायचं असेल किंवा अमेरिका-कॅनडात नोकरी शोधायची असेल तरच हा खर्च करा.

मार्गदर्शक गाठून देण्याची सोय चांगली आहे, पण भेट बहुतेकदा वाया जाते, कारण येणारा 'मला मार्गदर्शन करा' एवढंच म्हणतो. एक प्रश्न लिहून न्या आणि तो कामाचा असू द्या. 'दरवर्षी दहा हजार देणाऱ्या ४० जणांकडून एक लाख मागायचे आहेत, पहिली भेट कुणी घ्यावी, मी की अध्यक्षांनी?' याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं आणि समोरच्यालाही तुमची पातळी कळते. निघताना पुढच्या फोनची तारीख ठरवा. आठवड्याच्या आत, त्यांनी सांगितलेल्यापैकी काय करून पाहिलं ते चार ओळींत कळवा.

तिथे कामाच्या प्रोफाइलसाठी चांगला फोटो काढून मिळत असेल तर काढून घ्या, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

नोकऱ्यांच्या बाबतीत इकडून जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बी-१ या थोड्या दिवसांच्या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर परिषदेला बसता येतं, तिकडे नोकरी करता येत नाही. मात्र अमेरिकेत आधीच शिकत असलेल्या मुलामुलींना इथे एक चांगली दिशा मिळू शकते. विद्यापीठांच्या देणगी विभागांत मोठी भरती असते आणि विद्यापीठं व त्यांना जोडलेल्या ना-नफा संस्था एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याबाहेर आहेत. साधी स्वयंसेवी संस्था मात्र आपोआप कोट्याबाहेर येत नाही. नोकरीच्या फलकासमोर उभं राहून 'ही संस्था कोट्याबाहेर आहे का?' हाच पहिला प्रश्न विचारावा आणि पद तुमच्या पदवीशी जुळतं का हे वकिलाकडून तपासून घ्यावं.

नोंदणीशुल्क हजार डॉलरच्या आगेमागे धरा, सदस्य नसाल तर आणखी वर. राहणं आणि प्रवास वेगळा. पहिल्यांदा जाणाऱ्या सदस्यांसाठी एएफपी फाउंडेशनची चेंबरलेन शिष्यवृत्ती आहे. ती स्थानिक शाखेमार्फत मिळते आणि नोंदणीचा खर्च उचलते. टोरांटो, न्यू जर्सी किंवा सॅन फ्रान्सिस्को बे एरियात असाल तर आधी शाखेचं सदस्यत्व, मग दोन-चार बैठकांना हजेरी, मग अर्ज, हा क्रम ठेवा.

उणीव म्हणाल तर एक मोठी आहे. सगळा आधार मोठ्या संस्थेतल्या, पदांची उतरंड असलेल्या माणसाला धरून बेतलेला आहे. एकट्याने सगळं सांभाळणाऱ्याला बढती कुठे मिळणार, हा प्रश्न तिथे नीट हाताळला जात नाही. त्याच्यापुढची पायरी बहुतेकदा संस्था बदलणं किंवा संस्थेचा कारभारच हाती घेणं हीच असते. त्यासाठी हिशोब आणि मनुष्यबळ शिकावं लागतं. सत्रं निवडताना अशा माणसाने निधी उभारणीची दोन सत्रं गाळून ताळेबंद वाचायला शिकवणारं एक सत्र घ्यावं.

बायोडेटाचं टेबल मात्र पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, रत्नागिरीत कुठेही मांडता येईल. सहा फंडरेझर, वेगवेगळ्या संस्थांचे, शनिवारी तीन तास. प्रत्येकी २५ मिनिटं. दोघांनी विचारायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सोबत मागच्या तीन वर्षांचे चार आकडे हवेत: एकूण रक्कम, देणगीदारांची संख्या, पुन्हा देणाऱ्यांचं प्रमाण आणि उभारणीचा खर्च. हे आकडे बाहेर न्यायला संस्थेची परवानगी आधी घ्या. झेरॉक्स काढण्यापूर्वी देणगीदारांची नावं काळ्या पेनाने खोडा आणि खोडलेल्या कागदाचीच पुन्हा झेरॉक्स काढून ती वाटा, कारण पहिला कागद उजेडाकडे धरला की नाव वाचता येतं.